गाईची चरबी आडवाटेला जाते तेव्हा : कितनबाधा

२० लिटर दूध देणारी आपली संकरित गाय व्यायल्यावर तीन आठवड्यांनी आंबोण सोडते, वैरण मात्र थोडीफार खाते. ताप नसतो, पण दूध घटते, शेण घट्ट पडते, गाय झपाट्याने वाळते आणि तिच्या श्वासाला गोडसर वास येतो. अशा वेळी कितनबाधेची, म्हणजे किटोसिसची शंका घ्यावी.

असे का होते? दुधातील साखर ग्लुकोजपासून बनते. २० लिटर दुधात ती सुमारे ९०० ग्रॅम असते. व्यायल्यावर दूध लवकर वाढते, भूक मात्र मागे राहते. ही तूट भरून काढण्यासाठी गाय अंगावरची चरबी मोडते. त्यातून सुटलेली मेदाम्ले यकृतात येतात. तेथे त्यांचे पूर्ण ज्वलन होऊन ऊर्जा मिळणे ही सरळ वाट. परंतु या ज्वलनास लागणारे ऑक्झॅलोॲसिटेट ग्लुकोज तयार करण्यात खर्ची पडले, की ही वाट अडते. मग मेदाम्लांपासून ॲसिटोनसारखी कितनद्रव्ये बनतात. ती थोडी असतील तर स्नायूंना इंधन म्हणून उपयोगी पडतात. फार वाढली की भूक मरते आणि तूट आणखी वाढते. उरलेली मेदाम्ले यकृतातच चरबी होऊन साचतात.

पुष्कळ जण अशा गाईला गूळ चारतात. परंतु गुळातील साखर बहुतांशी कोठीपोटातच आंबते, ग्लुकोज म्हणून रक्तात फारशी पोचत नाही. एकदम जास्त गूळ दिल्यास उलट पोटात आम्लता वाढते. म्हणून पशुवैद्यकास बोलवावे. लघवीच्या रोथेरा चाचणीत जांभळा रंग आल्यास निदानास पुष्टी मिळते. उपचारात शिरेतून ग्लुकोज देतात. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने प्रॉपिलीन ग्लायकॉल रोज सुमारे ३०० मि.लि. याप्रमाणे ३ ते ५ दिवस पाजावे. पाजताना घाई करू नये, औषध फुप्फुसात जाते.

हा रोग टाळण्यासाठी :

१) आटवलेल्या गाईस फार लठ्ठ होऊ देऊ नये. लठ्ठ गाय व्यायल्यावर कमी खाते आणि चरबी जास्त मोडते.

२) विण्यापूर्वी २ ते ३ आठवडे आंबोण हळूहळू वाढवावे.

३) व्यायल्यावर चांगली हिरवी वैरण द्यावी. खाद्यात अचानक बदल करू नये.

४) पहिले सहा आठवडे गाय किती खाते यावर रोज लक्ष ठेवावे.

गाईने आंबोण सोडले त्याच दिवशी हालचाल करा. या आठवड्यांत गेलेले दूध त्या वेतात सहसा पुरते भरून येत नाही.