काळा पाषाण आणि झाडांची शिदोरी

पुण्याजवळच्या ताथवड्यात इमारतीच्या पायासाठी खड्डा खणला की त्याच्या कडेला काही दिवस जमिनीची कुंडली उघडी पडते. वर थोडी काळी माती, बऱ्याचदा तिच्यात चुनखडीचे पांढरे खडे. त्याखाली तांबूस-पिवळट मुरूम, मग कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोटे आणि तळाशी अखंड काळा पाषाण. खालून वर नजर फिरवली, तर खडकाची माती कशी होते ते दिसतं.

हा पाषाण म्हणजे बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह भरपूर, पालाश बेताचाच. पावसाचं पाणी हवेतला आणि मुळांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड घेऊन सौम्य आम्ल होतं आणि खडकातली खनिजं हळूहळू विरघळवतं. अॅपेटाइट या खनिजातून स्फुरद सुटतो. झाडांची शिदोरी ती हीच. गडचिरोली-गोंदियाकडे ग्रॅनाइट आणि पट्टिताश्म आहेत. तिथे गारेचं (क्वार्ट्झचं) प्रमाण जास्त. गार सहसा झिजत नाही आणि झिजली तरी झाडाच्या पोटात फारसं काही पडत नाही.

पण खडक सारखा म्हणून माती सारखी, असं नाही. महाबळेश्वरचा मूळ खडकही बेसाल्टच. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, पुण्यात सातशेच्या आसपास. इतक्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, अगदी सिलिकासुद्धा धुऊन गेलं. उरलं लोह आणि अॅल्युमिनियम. तोच जांभा. लोह-अॅल्युमिनियम स्फुरदाला असं धरून ठेवतात की मुळांना तो सुटता सुटत नाही. आपल्याकडे पाऊस कमी, म्हणून टेकडीवरून आलेलं कॅल्शियम खालच्या काळ्या मातीतच थांबतं. ते पांढरे खडे त्याचेच.

मग जांभ्यावर अंजनी, जांभूळ, हिरडा यांचं घनदाट रान कशावर जगतं? मला या विषयातलं सर्वात विलक्षण वाटतं ते हेच. तिथली शिदोरी खडकात नाही, झाडांत आणि पाचोळ्यात आहे. पान गळतं, कुजतं आणि वरच्या थरात पसरलेली मुळं बुरशीच्या मदतीने त्यातला स्फुरद पुन्हा उचलून घेतात. हवाई बेटांवरही बेसाल्टच आहे. तिथल्या काउआई बेटावर, सुमारे ४१ लाख वर्षं जुन्या मातीत, खडकातला स्फुरद जवळजवळ संपला आहे. जंगलाला तो मिळतो मुख्यतः आशियातून वाऱ्याने आलेल्या धुळीतून.

नत्राचं गणित निराळं. बेसाल्टमध्ये तो नगण्य. तो हवेतून, जिवाणूंमार्फत येतो. पुणे परिसरातल्या टेकड्यांवर गिरिपुष्प लावलं, ते त्याच्या मुळांवर नत्र बांधणाऱ्या गाठी असतात म्हणूनही. तरी एकाच परदेशी झाडाने टेकडी भरून टाकणं मला पटत नाही. नत्र मिळाला तरी कॅल्शियम आणि स्फुरद खडकातूनच यायचे, आणि वीतभर मातीच्या टेकडीवर ते टिकवून धरतो तो पाचोळा.

तोच आपण जाळतो. उन्हाळ्यात घोरावडेश्वरसारख्या डोंगरांवर वणवा लागला की पाचोळ्यातला बराचसा नत्र धुरात जातो. उरलेली राख पहिल्या वळवाच्या सरीने ओढ्यात. सोसायटीच्या कोपऱ्यात पेटवलेल्या ढिगाचंही तेच होतं. तेव्हा या उन्हाळ्यात पाचोळा पेटवू नका. झाडाच्या बुंध्याभोवती पसरा आणि टेकडीवर धूर दिसला तर अग्निशमन दलाला १०१ वर लगेच कळवा.