आजोबांचे पाय कोरडे आहेत ना?

वीकएण्ड रायडिंगची क्रेझ आता पुण्या-मुंबईत नवी राहिलेली नाही. पण ज्याच्यावर बसताच येत नाही अशा म्हाताऱ्या घोड्यासाठी कुणी पहाटेचा अलार्म लावत असेल तर? निमित्त आहे एका चिवट त्वचारोगाचं!

सकाळचे साडेसहा. मुळशीच्या वाटेवरचा एक तबेला. बाहेर पावसाची रिपरिप. हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारी एक मुलगी जॅकेटही न काढता उकिडवी बसते. (‘नाव छापू नकोस हं, टीमला वाटतं मी जिमला जाते,’ असं तिनं आधीच बजावलंय.) समोर २२ वर्षांचा घोडा. तबेल्यात सगळे त्याला ‘आजोबा’च म्हणतात. त्याच्या मागच्या पायावर, खुराच्या वरच्या खोलगट भागात ती हळूच बोटं फिरवते. ‘आज ओलं नाहीये,’ म्हणते आणि मगच हसते.

नावात फीवर, पण...

या दुखण्याचं चालू नाव ‘मड फीवर’. नावात फीवर असला तरी ताप येतोच असं नाही. भातखाचरात राबणाऱ्यांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात ना, त्याचाच हा लांबचा भाऊ समजा. पाय सतत ओले राहिले की कातडी मऊ पडते, बारीक चिरा जातात आणि जंतू आत शिरतात. त्यातला नेहमीचा गुन्हेगार डर्माटोफिलस कॉन्गोलेन्सिस. मग लस येते, केस चिकटतात, खपल्या धरतात, पाय सुजतो. पांढऱ्या पायांखालची गुलाबी कातडी नाजूक, त्यामुळे तिथे त्रास जास्त. आजोबांचे मागचे दोन्ही पाय पांढरेशुभ्र!

पण दरवेळी दोषी चिखलच असतो असं नाही. माइट्स म्हणजे केसांत राहणारे बारीक किडे, बुरशी, उन्हाचा त्रास, अगदी यकृताचा बिघाडसुद्धा अशाच खपल्या आणू शकतो. म्हणून पहिला फंडा : आधी निदान, मग मलम.

रविवारची चूक

पहिल्या पावसाळ्यात तिनं जे केलं ते आपण कुणीही केलं असतं. दर रविवारी पाइप लावून पाय चकाचक धुतले, खपल्या नखांनी ओढून काढल्या, वर हळद-तेल थापलं, घट्ट बँडेज गुंडाळलं आणि सोमवारी ऑफिस गाठलं. बुधवारी मोतद्दार मामांचा फोन : ‘ताई, घोडा पाय टेकवत नाहीये.’

पाय खांबासारखा सुजला होता. इन्फेक्शन कातडीखाली उतरलं होतं. अँटिबायोटिक्स, वेदनाशामक, व्हेटच्या फेऱ्या... ‘मी त्याला बरं करत नव्हते, स्वतःचं समाधान करून घेत होते,’ ती आज म्हणते. ओढलेली खपली म्हणजे नवी जखम, आणि ओल्या पायावर तेल म्हणजे ओलावा आत कोंडणं, हे तिला त्या आठवड्यात कळलं.

वय झालं की...

उतारवयात जखमा आधीच हळू भरतात. त्यात घोड्यांना पिट्युटरी ग्रंथीचा ‘कुशिंग्ज’ नावाचा आजार होऊ शकतो. अंगावरचे लांब केस वेळेवर झडत नाहीत, पाणी जास्त प्यायलं जातं, इन्फेक्शन पुनःपुन्हा होतं. म्हणून व्हेटनं रक्ताची टेस्ट करून घेतली. आजोबांचा रिपोर्ट नॉर्मल आला. पण वर्षानुवर्षांच्या दुखण्यानं पायाची कातडी जाड झाली होती, वळ्या पडल्या होत्या. त्या परत सपाट होणार नव्हत्या.

तबेल्याच्या मालकानं मग हिशेब मांडला. घोड्यावर कुणी बसत नाही, चंदी मात्र तेवढीच. ‘देऊन टाकू कुणाला तरी.’ त्या ‘कुणाला तरी’चा अर्थ म्हणजे लग्नाच्या वराती, नाहीतर टांगा. अशा पायांनी! तिनं रात्रीच दोन मैत्रिणींना फोन लावला. आता तिघी मिळून चंदी आणि औषधांचा खर्च करतात, आठवड्याचे दिवस वाटून घेतात. उरलेल्या वेळी मामा आहेतच.

त्यांचं रूटीन

* रोज पायाला हात लावून बघायचं. ओल, ऊब, सूज डोळ्यांआधी बोटांना कळते.
* केस व्हेटच्या सल्ल्यानं बारीक कापायचे, म्हणजे पाय लवकर वाळतो.
* उठसूट धुवायचं नाही. व्हेट सांगेल तेव्हाच पातळ केलेलं क्लोरहेक्सिडिन दहा मिनिटं ठेवायचं, मग धुऊन टॉवेलनं टिपून पूर्ण कोरडं करायचं.
* खपल्या भिजून आपसूक सुटतील तेवढ्याच काढायच्या.
* बसायची जागा कोरडी, आणि रोज थोडी चाल. नुसतं उभं राहिलं की पायात सूज साठते.
* ग्लव्हज मस्ट! हे इन्फेक्शन क्वचित माणसालाही होतं. टॉवेल, खरारा वेगळाच ठेवायचा.
* अचानक सूज, लंगडणं किंवा ताप दिसला तर त्याच दिवशी व्हेट.

‘बरा कधी होणार?’ मी विचारते.

‘बरा नाही होणार,’ ती शांतपणे म्हणते. ‘पण दुखणार नाही एवढं बघता येतं. यंदा अजून एकदाही लंगडला नाहीये.’

साडेआठला तिची मीटिंग आहे. ती हात धुते, गाडीची किल्ली शोधते. मागून मामांचा आवाज येतो, ‘ताई, दुसरा पाय बघितला नाय तुम्ही!’

ती परत फिरते.