दात्याचें मूत्रपिंड आणि सांथीचा विषाणु

मूत्रपिंडें निकामी झालेल्या मनुष्यास त्याच्या आईनें अथवा पत्नीनें आपलें एक मूत्रपिंड द्यावें, हें नागपुरास आतां नवें नाहीं. मार्च २०२० मध्यें शहरांत करोनाचा शिरकाव झाला, तेव्हां अशा कुटुंबांपुढें पेंच पडला. शस्त्रक्रिया करावी, तर दात्याच्या देहांत दडलेला विषाणु रुग्णाच्या अंगांत शिरण्याची भीति. थांबावें, तर आठवड्यांतून दोन-तीनदां डायलिसिसची वारी चुकत नाहीं, आणि संसर्ग तेथेंहि आहेच.

ही भीति निराधार नव्हती. परका अवयव देहानें झिडकारूं नये म्हणून रुग्णाची प्रतिकारशक्ति औषधांनीं मुद्दाम दाबून ठेवावी लागते. काविळीचे विषाणु दिलेल्या अवयवांतून जातात, हें तर पूर्वींपासून ठाऊक होतें. करोनाची गोष्ट मात्र थोडी निराळी निघाली. त्याचें मुख्य ठाणें श्वसनमार्ग. रक्तांत तो क्वचित् व अल्प सांपडतो. मूत्रपिंडांतून तो रुग्णास जडल्याचें सिद्ध उदाहरण आढळलें नाहीं. फुप्फुसांचें तसें नाहीं. २०२० मध्यें अमेरिकेंतील मिशिगन येथें एका मृत दात्याचीं फुप्फुसें बसविलीं गेलीं. दात्याच्या नाकाघशाची तपासणी निर्दोष होती. तरी ग्राहक स्त्री व एक शल्यवैद्य दोघेंहि आजारी पडलीं, आणि फुप्फुसांच्या खोल भागांतील द्रव मागाहून तपासला तेव्हां त्यांत विषाणु निघाला. ती स्त्री सुमारें दोन महिन्यांनीं वारली.

मग मूत्रपिंडाच्या जिवंत दात्याविषयीं इतकी काळजी कां? धोका त्याच्या मूत्रपिंडापेक्षां त्याच्या श्वासाचा अधिक. दाता व रुग्ण बहुधा एकाच घरांत राहणारे. शिवाय संसर्ग झालेल्या दात्यावर शस्त्रक्रिया केल्यास त्याच्याच फुप्फुसांना अपाय होतो, आणि तो तर निरोगी म्हणून आलेला! रोगाचीं लक्षणें दिसण्यास चौदा दिवसहि लागूं शकतात. म्हणून एका दिवसाच्या निर्दोष तपासणीवर विसंबतां येत नाहीं. दात्यास आधीं कांहीं दिवस वेगळें ठेवावयाचें, शस्त्रक्रियेच्या तोंडावर पुन्हां तपासावयाचें, असा क्रम पडला. शस्त्रक्रियेआधीं भेटीस येणाऱ्या नातलगांना दारांतूनच परत पाठविणें आपल्या घरांत किती अवघड, हें निराळें सांगावयास नको.

मृत दात्याच्या अवयवास तासांची मुदत असते. जिवंत दात्याचें मूत्रपिंड त्याच्या देहांत सुखरूप राहतें. त्यामुळें ऐनवेळीं दात्यास संसर्ग निघाला तरी शस्त्रक्रिया रद्द न होतां पुढें ढकलली जाई. करोनांतून बऱ्या झालेल्या दात्यांचीं मूत्रपिंडें भारतांत पुढें यशस्वीपणें बसविलींहि गेलीं. तोंवर रुग्णास मात्र डायलिसिसच्या खाटेवर आणखी कांहीं आठवडे काढावे लागत.