एसी गेला, पण हीटर का जावा?

जुन्या मारुती ८००चा कंप्रेसर जाम झाला की गॅरेजमध्ये बहुधा एकच संवाद होतो. नव्या कंप्रेसरचा खर्च ऐकून मालक म्हणतो, "राहू द्या, एसीच काढून टाका." मग मेकॅनिक बॉनेटखालून डॅशबोर्डकडे जाणाऱ्या दोन रबरी पाइपांवर हात ठेवून म्हणतो, "हे हीटरचे पाइपही बंद करतो, साहेब. आपल्याकडे हीटर लागतो कोणाला?" मालक मान डोलावतो. गाडीचं वय पाहता एसी काढणं बरेचदा शहाणपणाचंच असतं. चूक होते ती या दुसऱ्या वाक्याला मान डोलावण्यात.

हीटर हा एसीचाच एक भाग, हा सगळ्यांत रुजलेला गैरसमज. खरं तर एसीतला गॅस आणि हीटरमधलं पाणी एकमेकांना कधीच भेटत नाहीत. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागे बसवलेला छोटा रेडिएटर. त्यात इंजिनाचंच गरम पाणी फिरतं. दोघांचा शेजार आहे तो ब्लोअरमुळे. जपानी धाटणीच्या छोट्या गाड्यांत आधी ब्लोअर, मग एसीच्या कूलिंग कॉइलचा डबा, मग हीटर, अशी रांग असते. मधला डबा उपटला की ब्लोअरची हवा हीटरपर्यंत न जाता डॅशबोर्डखाली विखुरते. म्हणून एक तर बिगर-एसी मॉडेलमध्ये तिथे असते तशी प्लास्टिकची नळी बसवावी, नाहीतर रिकामा डबा साफ करून जागच्या जागी राहू द्यावा. मला दुसरा मार्ग जास्त पटतो. कॉइलचे पाइप पत्र्यातल्या ज्या भोकांतून येत होते, ती मात्र रबरी बुचानं बंद करायलाच हवीत, नाहीतर इंजिनाकडचा धूर आणि पावसाचं पाणी थेट आत येतं.

आता त्या दोन पाइपांकडे वळू. एकातून गरम पाणी इंजिनाच्या हेडकडून हीटरकडे जातं, दुसऱ्यातून ते पाण्याच्या पंपाच्या ओढीच्या बाजूला परततं. दोन्ही तोंडांना बूच मारलं तर काय बिघडतं? काही इंजिनांत खरोखरच काही बिघडत नाही, आणि त्यामुळेच हा गैरसमज टिकून आहे. पण कित्येक इंजिनांत थर्मोस्टॅट बंद असताना पाणी फिरतं राहण्याची वाट हीटरमधूनच जाते. ती वाट बंद केली की पाणी एका जागी साचून तापतं आणि थर्मोस्टॅटपर्यंत खरं तापमान पोहोचत नाही. काही कार्बुरेटरवाल्या गाड्यांत हेच पाणी इनटेक मॅनिफोल्डही ऊबदार ठेवतं. म्हणून हीटर गळत असेल आणि काढणं भागच असेल, तर बूच मारण्याऐवजी दोन तोंडं एका पाइपानं जोडून पाणी वाहतं ठेवणं बहुतेक वेळा सुरक्षित असतं. आधी आपल्या इंजिनातल्या पाण्याची वाट मात्र नीट बघून घ्यावी.

आणि हीटर शाबूत असेल तर तो ठेवावाच. हीटर लागतो कोणाला? जुलैत आंबोलीचा घाट चढणाऱ्याला लागतो. एसी हवेतला दमटपणा काढून काच स्वच्छ ठेवत होता; तो गेल्यावर काचेवरचं बाष्प घालवायला हीटरच उरतो. बाहेरची हवा आत घ्यायची, हीटर चालू करून झोत काचेकडे वळवायचा आणि खिडकी बोटभर उघडी ठेवायची. उन्हाळ्यात कसारा चढताना काटा लाल रेषेकडे सरकू लागला, तर हीटर आणि ब्लोअर पूर्ण उघडल्यानं इंजिनाची थोडी उष्णता आत ओढली जाते. आत बसणाऱ्यांचे हाल होतात, पण थांबायला सुरक्षित जागा मिळेपर्यंत इंजिनाला आधार मिळतो.

पाइप नव्यानं फिरवायचा तर बागेचा पाइप चालत नाही. रेडिएटरच्या झाकणामुळे पाण्यावर दाब राहतो, साधारण ०.९ बार, आणि पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. साधं प्लास्टिक तिथे मऊ पडून क्लिपमधून निसटतं. आत धाग्यांची वीण असलेला हीटर होजच घ्यावा. तो एक्झॉस्टपासून लांब ठेवावा, आणि वळणावर पिचकत असेल तर लांबी वाढवून वळण मोठं करावं.

एसी काढला की ॲव्हरेज वाढतं, हेही अर्धसत्यच. एसी बंद असतो तेव्हा कंप्रेसरचा क्लच सुटलेला असतो आणि नुसती पुली फिरते. काढल्यानं वाचतं ते थोडं वजन. उलट घाईत काढला तर नव्या कटकटी होतात. पाण्याचा पंप आणि कंप्रेसर एकाच बेल्टवर असतील तर बेल्टचं माप बदलतं किंवा मधे मोकळी पुली लागते. एसी लावल्यावर इंजिनाचा वेग वाढवणारी बारीक व्हॅक्यूम नळी उघडी राहिली तर गाडी आयडलला थरथरते. दुसरा पंखा रेडिएटरलाही वारा देतो का, हे पाहिल्याशिवाय तो काढू नये.

सगळ्यांत वाईट वाटतं ते गॅसचं. "थोडासाच तर आहे," म्हणत नट सैल करतात आणि फुस्स करून तो हवेत जातो. फार जुन्या गाड्यांतला आर-१२ ओझोनचा थर खातो. १९८७च्या माँट्रियल करारानं त्याच्यावर बंधन आलं ते त्यामुळेच. नंतरचा आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, म्हणून तो निर्धोक मानला जातो. पण शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा एक किलो सुमारे १,४०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. छोट्या गाडीतला अर्धा किलो सोडणं म्हणजे साधारण ३०० लिटर पेट्रोल जाळणं. शिवाय तो उणे २६ अंशांना उकळतो, त्यामुळे बोटांवर उडाला तर कातडी गोठते. गॅस मशिननं ओढून घेणारी एसीची दुकानं आता बऱ्याच शहरांत आहेत. पहिला पाना लागायच्या आधी गाडी तिथे न्यावी.

सगळं जोडून झालं की हीटरचा नॉब गरमवर ठेवून कूलंट भरावं, म्हणजे आतली हवा निघते. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, झाकण उघडून पातळी पुन्हा पाहावी; अडकलेली हवा सुटल्यावर ती बहुधा थोडी उतरलेली असते.