शिऊरच्या बहिणाबाई : स्वीकार आणि चिकित्सा

वैजापूर तालुक्यातील शिऊर येथे संत बहिणाबाईंची (१६२८–१७००) समाधी आहे. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी निराळ्या. चांगले-वाईट न ठरवता आयुष्य स्वीकारणे म्हणजे मुकाट सोसणे, असा समज आहे. शिऊरच्या बहिणाबाईंचे आत्मचरित्रपर अभंग वाचताना मला तो टिकत नाही.

तिसऱ्या वर्षी तिशीच्या बिजवराशी लग्न. पुढे कोल्हापुरात लळा लागलेले वासरू गेले आणि त्यानंतर स्वप्नात तुकोबांचा अनुग्रह झाला. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू मानावे, हे नवऱ्याला सोसेना. त्याने मारहाण केली, तिला सोडून जायचे ठरवले. तोच तो आजारी पडला. बहिणाबाईंनी शुश्रूषा केली. त्याचे मन पालटले आणि दोघे देहूला गेली.

मारहाण त्या लपवत नाहीत. पण तेवढ्यावरून नवऱ्याला दुष्ट ठरवून मोकळ्याही होत नाहीत. अखेरीस त्यांनी मुलाला आपले मागचे बारा जन्म सांगितले, हा तेरावा. एवढ्या लांब पटावर एका प्रसंगाचा निवाडा करण्याची घाई उरत नाही.

मात्र याच बहिणाबाईंनी ‘वज्रसूची’ मराठीत आणली. ब्राह्मण्य जन्माने ठरत नाही, हा तिचा सिद्धान्त. माणसाचा निवाडा त्यांनी टाळला. त्याच्या हातात काठी देणाऱ्या समजुतीची चिकित्सा टाळली नाही. मारहाणीला आज आपण गुन्हाच म्हणतो, म्हटलेच पाहिजे. त्यांच्या स्वीकारात त्याला आडकाठी नाही.