काळ्या कातळावरची जिवंत परंपरा

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, अल्बुकर्की शहराच्या पश्चिमेला काळ्या दगडांचा एक उतार सुमारे २७ किलोमीटर पसरला आहे. त्यावरच्या धोंड्यांवर वीस हजारांहून अधिक चित्रं कोरलेली आहेत. १९९० साली या भागाला ‘पेट्रोग्लिफ राष्ट्रीय स्मारक’ म्हणून संरक्षण मिळालं. ही चित्रं पायी फिरून पाहायची तर रिंकोनाडा खोऱ्यातली साडेतीन किलोमीटरची वाट उत्तम.

वाट सपाट, पण वाळूची आहे, पाय रुततात. सावली नाही, वाटेत पाणीही नाही. त्यामुळे पुरेसं पाणी आणि टोपी घेऊन सकाळी लवकर निघावं. तिरप्या उन्हात कोरीवकाम अधिक उठून दिसतं. झुडपांत हात घालू नये, इथे रॅटलस्नेक या विषारी सापाचा वावर असतो.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांना हा दगड ओळखीचा वाटेल, कारण तोही बसाल्टच. सुमारे दोन लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला आणि त्याचं पठार झालं. पुढे खालची मऊ माती धुपली, पठाराच्या कडा तुटल्या आणि धोंडे उतारावर घरंगळले. वाळवंटी हवेत त्यांच्यावर मँगनीज, लोह आणि चिकणमातीचा काळपट लेप चढला. कोरणारे एक टोकदार दगड त्यावर धरत आणि दुसऱ्या दगडाने ठोकत. लेपाचा टवका उडाला की आतला फिकट करडा दगड उघडा पडे. जवळून पाहिलं तर प्रत्येक रेघ बारीक टिंबांची बनलेली दिसते. काळाच्या ओघात या टिंबांवरही पुन्हा लेप चढू लागतो. म्हणूनच जुनी चित्रं अधिक काळवंडलेली असतात.

पंजे, सर्प, पक्षी, मुखवटे, चांदण्या, सर्पिल वळणं असं बरंच काही इथे आहे. बोका नेग्रा खोऱ्यात मकाव पोपटही आहे. हा पक्षी इथला नव्हे. तो मेक्सिकोकडून व्यापाराच्या वाटेने येई. मेंढपाळ स्पॅनिश वसाहतकारांनी कोरलेले क्रूसही आढळतात. मात्र बहुतेक चित्रं साधारण १३०० ते १६८० या काळात प्वेब्लो या इथल्या मूलनिवासी लोकांच्या पूर्वजांनी कोरली. १३०० च्या सुमारास रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यात त्यांची वस्ती झपाट्याने वाढली होती.

त्यांचे वंशज आजही याच राज्यात, १९ प्वेब्लो समाजांत नांदतात. कोकणातली कातळशिल्पं कोणी कोरली, हे सांगणारी परंपरा आज उरलेली नाही. इथे ती आहे. प्वेब्लोंसाठी हा उतार पवित्र आहे. काही चित्रांचे अर्थ त्यांना ठाऊक आहेत, पण ते परक्यांना सांगायचे नाहीत, असा त्यांचा दंडक आहे. म्हणूनच प्वेब्लोंचा विरोध डावलून १९९८ साली अमेरिकी काँग्रेसने रस्त्यासाठी स्मारकातली साडेआठ एकर जमीन वगळली, ही गोष्ट मनाला लागते. श्रद्धेची जागा नकाशावर रिकामी दिसते, म्हणून ती रिकामी ठरत नाही.

चित्रांना हात लावू नये, त्वचेच्या तेलकटपणाने लेप खराब होतो. दगडांवर चढू नये, पायवाट सोडू नये. आणि एखाद्या चित्राचा अर्थ लागला नाही, तर मनाने रचू नये. ज्यांचा तो वारसा आहे, त्यांनी तो जपून ठेवला आहे; पाहुण्याला पाहण्याची परवानगी मिळते, हेच पुष्कळ.