बाळ रात्री उठते, ते वाढते आहे म्हणून

वस्तीत घरोघरी फिरताना आम्हाला एक तक्रार हमखास ऐकू येते: "तीन महिने गुमान झोपायचं, आता तासातासाला उठतंय." मग सल्ले सुरू होतात. कोणी म्हणते, आईचे दूध पुरत नाही, डब्याचे द्या. कोणी म्हणते, दृष्ट लागली. कोणी सर्दीचे औषध पाजायला सांगते.

त्याआधी बाळाची झोप समजून घेऊ या. पहिल्या तीन महिन्यांत बाळ दिवसरात्र मिळून १४ ते १७ तास झोपते, पण तुकड्यातुकड्याने. पोट लहान आणि आईचे दूध पचायला हलके, म्हणून दर दोन-तीन तासांनी भूक लागते. चौथ्या महिन्याच्या सुमारास मेंदूची वाढ होते, तशी झोप बदलते. मोठ्यांसारखी गाढ आणि हलकी झोप आळीपाळीने येऊ लागते. झोप हलकी झाली की आपण कूस बदलतो. बाळाला ते अजून जमत नाही, ते आईला हाक मारते. पुढे आठ-नऊ महिन्यांचे झाले की आई दिसली नाही म्हणूनही रडते. हा आजार नव्हे.

दूध पुरते का, हे झोपेवरून ठरवू नका. २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी होते आणि अंगणवाडीच्या काट्यावर वजन वाढते, म्हणजे दूध पुरते. सहा महिने फक्त आईचेच दूध द्या. अस्वच्छ बाटलीने जुलाब होतात. दृष्ट काढताना जाळलेल्या मिरच्यांचा धूर एका खोलीच्या घरात बाळाच्याच छातीत जातो. झोपेसाठी सर्दीचे औषध किंवा अफूची गोळी तर कधीच नको. बाळाचा श्वास थांबू शकतो.

दिवसा बाळाला उजेडात ठेवा, त्याच्याशी बोला, खेळवा. रात्री दिवा मंद करा, टीव्ही-मोबाईल बंद करा, गुपचूप पाजा. उताणेच झोपवा. तोंडाजवळ उशी, जाड गोधडी नको. घरात विडी-सिगारेट ओढू नका.

आणि ही रात्र एकट्या आईची नाही. पाजणे तिचे काम, पण ढेकर काढणे, दुपटे बदलणे, खांद्यावर घेऊन फिरवणे बापाला जमते. दिवसा बाळ झोपेल तेव्हा सासूबाईंनी सुनेलाही झोपू द्यावे. भांडी थांबतील.

रात्री उठून जोमाने दूध पिणाऱ्या बाळाची काळजी नको. काळजी करायची ती हलवूनही नीट न उठणाऱ्या, दूध न ओढणाऱ्या बाळाची. श्वास जोरात चालत असेल, श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, झटके येत असतील किंवा दोन महिन्यांच्या आतील बाळाला ताप असेल, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन लावा आणि सरकारी दवाखाना गाठा.